सासऱ्यांच्या शर्टाचं शेपूट

हरणाची शिकार शिकायची असेल तर पहिला नियम असा, की आपण ती शिकतोय हे गावात कोणाला कळू देऊ नये. हा नियम मला कोणी सांगितला नाही. बाकीचे सगळे सांगितले.

आमचं गाव उत्तर विस्कॉन्सिनातलं. नोव्हेंबरात शिकारीचा मोसम सुरू झाला की इथे लग्नं निघत नाहीत, दुखरा दात दुखत ठेवला जातो, आणि कोणी वारलंच तर शवपेटी उचलायला पुरुष मिळत नाहीत म्हणून पाद्रीसाहेब दफन पुढच्या आठवड्यावर ढकलतात. मृताच्या घरचेही समजून घेतात, कारण ते जंगलातच असतात. अशा गावात मी चौतिसाव्या वर्षापर्यंत बंदुकीला हात न लावता राहिलो. गावाने मला वाळीत टाकलं नाही एवढंच. बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात मी बुटांच्या विभागाचा प्रमुख होतो. विभागात मी एकटाच असल्याने मतभेद होत नसत.

सन एकसष्टच्या सप्टेंबरात माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे रायनहोल्ट ब्यूटनर यांच्या, छातीत कळ आली. डॉक्टरांनी जंगल बंद केलं. त्यानंतर आठवड्याभराने माझी बायको आर्डिस बटाटे सोलता सोलता म्हणाली, "लेस्टर, पप्पांची खाट जाणार."

"कुठे जाणार?"

"नॉर्बर्टकडे."

ही खाट म्हणजे घरातली नव्हे. तरुणपणी सासऱ्यांनी आणि एमिल झास्ट्रोने जंगलात ओंडक्यांची एक खोली बांधली होती. तिला सगळे कॅम्प म्हणत. खोलीत भिंतीला ठोकलेल्या तीनच खाटा. मोसमात ज्याने दाराबाहेरच्या बल्लीवर हरीण लटकवलं, त्याची खाट पक्की. ज्याने हरणावर गोळी झाडली आणि नेम चुकला, त्याच्या शर्टाचं मागचं टोक, म्हणजे शेपूट, सगळ्यांसमक्ष कापून भिंतीवर ठोकायचं, खाली नाव लिहायचं. त्याचीही खाट पक्की. मालकाच्या जागी त्याच्या घरचं कोणी आलं तरी चालायचं. दोन्ही नाही जमलं तर तो पाहुणा. पाहुण्याने जमिनीवर झोपायचं, भांडी घासायची, आणि खाट पुढच्या उमेदवाराला द्यायची. पुढचा उमेदवार नॉर्बर्ट, एमिलचा भाचा, विमा एजंट. तो इतकी वर्षं रांगेत होता की सासऱ्यांच्या तब्येतीची चौकशी तोच सगळ्यात जास्त करायचा.

"ती खाट गेली ना," आर्डिस म्हणाली, "तर पप्पा पुढचा हिवाळा काढणार नाहीत."

"मग?"

 तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. हातात सुरी होती.

दुसऱ्या दिवशी मी केस कापायला हार्वे स्कोगकडे गेलो आणि गाफीलपणे बोलून गेलो. हार्वे गावाचा न्हावी, आणि कॅम्पमधल्या तिसऱ्या खाटेचा मालक.

"सोपं आहे रे," तो कात्री थांबवून म्हणाला. "आठ दिवस साबण लावू नकोस. हरणाला साबणाचा वास मैलावरून येतो."

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. शेजारच्या व्हायोला डंकबाई कुंपणावर रेलून उभ्याच होत्या. "हार्वेचं काही ऐकू नका. आंघोळ करायची, पण खाण्याच्या सोड्याने, थंड पाण्यात. आमचे पहिले मिस्टर असंच करायचे."

"मग मिळायचं हरीण?"

"दर वर्षी! न्यूमोनियाने जाईपर्यंत."

खाटीक म्हणाला, कपडे सीडरच्या फांद्यांत गुंडाळून ठेव. पोस्टमन म्हणाला, सफरचंदांत. पाद्रीसाहेब म्हणाले, शेकोटीच्या धुरात. आणि प्रार्थनाही करावी, पण वाऱ्याची दिशा बघून. मी कोणालाच दुखवायला नको म्हणून सगळंच केलं. परिणाम असा झाला, की दुकानात एका बाईंनी बुटासाठी पाय पुढे केला, दीर्घ श्वास घेतला, आणि पाय परत घेतला. अठरा वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून पाय परत गेलेला नव्हता.

एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: मचाणावर दगडासारखं बसायचं. डोळ्याची पापणीसुद्धा हलता कामा नये. मी दुपारच्या सुट्टीत मागच्या कोठीत, खोक्यांच्या ढिगाऱ्यासमोर स्टुलावर बसून सराव सुरू केला. तिसऱ्या दिवशी टोप्यांच्या विभागातली मुलगी काहीतरी आणायला आली. तिने "मिस्टर क्वेड?" अशी हाक मारली. मी दगड होतो. तिने जवळ येऊन माझ्या डोळ्यांसमोर हात हलवला. मी अभिमानाने सांगतो, पापणी हलली नाही. शुद्धीवर आलो तेव्हा, म्हणजे मी शुद्धीवरच होतो, पण बोलायचं ठरवलं तेव्हा, डॉक्टर माझी नाडी बघत होते. सासऱ्यांचेच डॉक्टर. "ह्या घराण्याला झालंय तरी काय?" ते म्हणाले.

परवान्याचंही तसंच. कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "डोळ्यांचा रंग?"

"निळा."

त्याने चष्मा वर केला. "करडा आहे."

"माझे डोळे आहेत साहेब."

"मोसमाच्या आदल्या आठवड्यात खोटी माहिती नका देऊ." आणि त्याने मागच्या रांगेला विचारलं. रांग लांब होती आणि कंटाळलेली होती. मतदान झालं. तेव्हापासून सरकारदप्तरी माझे डोळे करडे आहेत, आणि खरं सांगायचं तर आर्डिसही त्याच बाजूची निघाली.

निघायच्या सकाळी सासऱ्यांची रायफल घ्यायला गेलो. ते स्वयंपाकघरात शेगडीजवळ, पायावर गोधडी घेऊन बसले होते. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मी त्यांना मिस्टर ब्यूटनर म्हणायचो आणि ते मला काहीच म्हणायचे नाहीत. माझ्याविषयी बोलताना मात्र 'तो बुटांवाला' असा उल्लेख व्हायचा.

"मिस्टर ब्यूटनर, काही सूचना?"

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. आमच्याच विभागातले नवे कोरे बूट होते, उबेची हमी असलेले. मी एक पाऊल पुढे टाकलं. बूट करकरले. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर ओसरीत आर्डिसने मला एक लाल-काळ्या चौकड्यांचा जाड लोकरी शर्ट घातला. "पप्पांचा आहे. तुझ्या शर्टात तू गारठून जाशील."

"त्यांना विचारलंस?"

"डोळे मिटलेत ना त्यांनी. कशाला उठवायचं?"

त्यावर कोट घातला आणि कोटाच्या पाठीवर तिने माझ्या परवान्याचा नंबर टाचला. तिच्या हाताला जोर फार. कॅम्पवर पोचल्यावर कळलं की कोट शर्टाला टाचला गेलाय. त्यामुळे मी जेवताना, भांडी घासताना आणि झोपताना पाठीवर नंबर घेऊन होतो. हार्वे येता-जाता मला नंबरानेच हाक मारत होता.

कॅम्पची ती पहिली संध्याकाळ अजून नाकात आहे. ओली लोकर, कांदा, रॉकेल, आंबट कोबी, आणि ब्रँडी. एमिल झास्ट्रो, अवाढव्य गवळी, तेरा नंबरचा बूट, टेबलाच्या टोकाला बसून राय ब्रेडचे धोंडे कापत होता. कॅम्पमध्ये त्याचा शब्द शेवटचा. नॉर्बर्ट, आठ नंबर, आत वळलेली टाच, आपल्या दुर्बीण लावलेल्या रायफलला तेल देत होता आणि मधूनमधून सासऱ्यांच्या रिकाम्या खाटेकडे, भाड्याने घ्यायच्या घराकडे बघावं तसं बघत होता.

आणि ती भिंत. शेगडीमागच्या सगळ्या भिंतीवर शर्टांची शेपटं. चौकड्यांची, पट्ट्यांची, विटलेली, धुराने काळवंडलेली, प्रत्येकाखाली सुताराच्या पेन्सिलीने नाव. एमिलची तीन होती. हार्वेची इतकी होती की गोधडी झाली असती. युद्धात गेलेल्या मुलांची होती, कॅलिफोर्नियाला गेलेल्या मावसभावांची होती. एमिल कंदील वर धरून एकेकाची गोष्ट सांगत होता. हरणं मारल्याच्या गोष्टी तो सांगत नव्हता. त्या, म्हणाला, कोणीही सांगतो.

सकाळी उजाडायच्या आत मला मचाणावर बसवलं. ओकच्या झाडावरच्या तीन फळ्या. सासऱ्यांची जागा.

"चुळबूळ करू नकोस," एमिल खालून म्हणाला.

"आणि खोकू नकोस," हार्वे म्हणाला.

"आणि पडू नकोस," नॉर्बर्ट म्हणाला. "विमा आहे का?"

मी दगड झालो. कोठीतल्या सरावाचा चांगला उपयोग झाला, फक्त कोठीत हिटर होता. उबेची हमी असलेले बूट तासाभरात बर्फाचे झाले. मी मनातल्या मनात कंपनीला पत्र लिहिलं, मग अधिक कडक शब्दांत दुसरं. पलीकडे कुठेतरी खार फांदी कुरतडत होती. उजाडताना सगळं जंगल आधी राखाडी, मग निळसर, मग एकदम सोन्यासारखं झालं. इतकी वर्षं मी ह्या वेळेला दुकानाचं शटर उघडत होतो, असं वाटून गेलं.

आणि हरीण आलं.

कुठूनही आलं नाही. नव्हतं, आणि मग होतं. तोंडातून वाफ निघत होती. शिंगं म्हणजे चर्चच्या झुंबराएवढी. शिंगांकडे बघायचं नाही, असं मला खाटकापासून पाद्र्यापर्यंत सर्वांनी बजावलं होतं. मी शिंगांकडेच बघत होतो. छातीत ऑर्गन वाजायला लागला. रायफल खांद्याला लावली, नेम धरला, आणि झाडली. सासऱ्यांच्या रायफलीला खाली एक दांडी होती. ती पुढे लोटून मागे घेतली की झाडलेलं काडतूस बाजूला उडतं आणि नवं आत बसतं. दांडी ओढली, झाडली. ओढली, झाडली. पाचच्या पाच. हरणाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, गिऱ्हाईक बूट न घेता निघताना बघतं तसं, आणि चालत निघून गेलं. चालत.

गोळी झाडल्यावर अर्धा तास जागचं हलू नये, असा नियम आहे. मी हललो नाही. मग उतरून बर्फात रक्त शोधलं. एक थेंब नव्हता. पाचही नेम चुकले होते. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. चुकलो होतो! म्हणजे शेपूट कापणार होते. खाट वाचली होती.

मी करकरत कॅम्पवर गेलो, दार उघडलं आणि म्हणालो, "सद्गृहस्थहो, मी पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही चुकलो. कात्री आणा."

तिघेही न्याहारी करत होते.

"कधी झाडल्यास?" एमिलने विचारलं.

"आत्ता. तासाभरापूर्वी."

"आम्ही इथेच होतो की रे."

"मग?"

"काही ऐकू नाही आलं."

नॉर्बर्ट कोट चढवून मचाणाकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर विमा एजंटाला न शोभणारा आनंद होता. बर्फातून उचललेली पाच काडतुसं त्याने टेबलावर ओळीने उभी केली. नवी, चकचकीत, एकही न फुटलेली. मी पाच वेळा दांडी ओढली होती. चाप एकदाही ओढला नव्हता.

"पण मला आवाज आला!" मी म्हणालो.

"तुझा आला असेल," हार्वे म्हणाला, आणि त्याने डोकं टेबलावर ठेवलं. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते.

नंतर जे झालं त्याला खटलाच म्हणावं लागेल. एमिल न्यायाधीश.

नॉर्बर्ट उभा राहिला. "मामा, सरळ आहे. गोळी सुटली नाही, तर नेम चुकला कसा? हा पाहुणा. खाट माझी."

"हरीण मेलं का?" हार्वेने विचारलं.

"नाही."

"जखमी झालं?"

"नाही."

"ह्याने मारायचा प्रयत्न केला?"

"तसं म्हणतोय."

"मग चुकणं ह्याहून वेगळं काय असतं बाबा? मी तेवीस वेळा चुकलोय. मला कळतं त्यातलं."

"गोळी न झाडता शेपूट मिळायला लागलं तर उद्या कोणीही येईल!"

एमिल बराच वेळ ब्रेड चावत राहिला. "हरणाला विचारायला हवं होतं," तो शेवटी म्हणाला. "त्याला काय वाटलं ते." मग उसासा टाकून म्हणाला, "असं कर हार्वे. कात्री घे. कापताना काय वाटतंय बघू."

हार्वेने माझ्या कोटाच्या टाचण्या सोडवल्या, शर्टाचं टोक पँटमधून ओढून काढलं, कात्री लावली, आणि थांबला.

"एमिल. इकडे ये."

टोकावर आतल्या बाजूने निळ्या दोऱ्याने दोन अक्षरं भरलेली होती. माझ्या दिवंगत सासूबाईंची भरतकाम करायची पद्धत. र. ब.

मला काही कळेना. एमिलने मला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं. सासरे आजवर एकदाही चुकले नव्हते. भिंतीवर त्यांचं एकही शेपूट नव्हतं. उलट बाकी सगळ्यांची त्यांनीच कापली होती, आणि कापताना एकेक वाक्य असं बोलले होते की लोकांना अजून पाठ होतं. हा शर्ट कापायला मिळावा म्हणून एमिलने आणि हार्वेने उभं आयुष्य वाट पाहिली होती. आणि आता तो शर्ट माझ्या अंगावर बसून त्यांच्या दारात चालत आला होता.

एमिलची बोटं वळवळत होती. "मालकाला विचारल्याशिवाय नाही कापता येणार," तो मोठ्या कष्टाने म्हणाला.

तिठ्यावरच्या बारमध्ये फोन होता. आम्ही चौघेही एमिलच्या ट्रकमध्ये बसून गेलो. फोन आर्डिसने उचलला.

"मिळालं?"

"नाही. म्हणजे कायदेशीर अडचण आहे. मिस्टर ब्यूटनरना दे."

मी सगळं सांगितलं. काडतुसांचंही सांगितलं, कारण नॉर्बर्ट शेजारीच उभा होता. मग सासरे म्हणाले, "कोणता शर्ट?"

"लाल. चौकड्यांचा."

पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं, गेले. खाट वाचवायला आलो आणि माणूस घालवला.

"हात लावू नका म्हणावं," ते म्हणाले. "मी येतोय."

रविवारी चर्च सुटल्यावर आर्डिसने त्यांना आणलं. गाडीतून आधी गोधड्या उतरल्या, मग ते. "डॉक्टरांना कळलं तर मला फाडून खातील," ती मला म्हणाली. "आणि ऐकत नाहीत. वाटेत दोनदा मलाच म्हणाले, जरा दाब की गाडी."

सासरे आत आले, आपल्या खाटेवर बसले, दम खाल्ला. कोणाकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघितलं.

"शर्ट काढ," ते मला म्हणाले. मी काढला. त्यांनी तो आपल्या अंगावर चढवला. तो त्यांना आता फार ढगळ होत होता; बाह्या बोटांवर आल्या. एमिल दुसरीकडे बघायला लागला.

मग ते उठले, टेबलाला धरून उभे राहिले, पाठ आमच्याकडे केली. "काप, हार्वे."

"पण रायनहोल्ट, तू कुठे चुकलास?"

"मचाण कोणाचं?"

"तुझं."

"रायफल? काडतुसं? शर्ट?"

"तुझंच सगळं. पण..."

"हरीण माझ्या मचाणाखालून गेलं आणि चालत गेलं. म्हणजे मी चुकलो. हा बुटांवाला नुसता बसला होता तिथे. पाहुणा आहे तो."

नॉर्बर्टने तोंड उघडलं. "मग खाट..."

"शेपूट लागलं की खाट पक्की," एमिल घाईघाईने म्हणाला. "नियम आहे." आणि नॉर्बर्टच्या हातात खिळ्यांचा डबा दिला.

हार्वेने कात्री चालवली. जन्मभर केस कापलेला माणूस, पण ते शेपूट वाकडंच कापलं गेलं. इतक्या वर्षांची वाक्यं तयार ठेवलेली असणार. एकही बोलला नाही. एमिलने ते भिंतीवर ठोकलं, अगदी मधोमध, आणि पेन्सिल ओली करून नाव लिहिलं. सासरे मागे सरकून बघत राहिले.

"चाळीस वर्षं बघतोय ह्या भिंतीकडे," ते म्हणाले. "सगळे आहेत. मीच नव्हतो."

मग त्यांनी ब्रँडी मागितली. आर्डिस नाही म्हणाली. त्यांनी घेतली. आणि त्या खाटेवर आडवे होऊन दुपारभर घोरले. आम्ही पाचही जण, एमिलच्या तेरा नंबरसकट, चवड्यांवर चालत होतो.

तो हिवाळा त्यांनी काढला. एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर, गेले. नोव्हेंबरात नॉर्बर्टने पुन्हा विषय काढला, तेव्हा एमिल म्हणाला, नियमात मेलेल्या माणसाबद्दल काही नाही. खाट ब्यूटनरची. तिच्यावर त्याचा पाहुणा झोपेल. पुढे हार्वे लेकीकडे ॲरिझोनाला गेला तेव्हा नॉर्बर्टला त्याची खाट मिळाली, आणि खाट मिळाल्यावर तो फार सज्जन माणूस निघाला.

मी दर वर्षी जात राहिलो. चाप ओढायला शिकलो. अगदी खणखणीत आवाज करून कितीतरी वेळा चुकलो. प्रत्येक वेळी मी शर्टाचं टोक बाहेर काढून उभा राहायचो आणि एमिल म्हणायचा, "आत घाल रे. पाहुण्याचा शर्ट कापत नाहीत."

आता एमिलही नाही. कॅम्पमध्ये सगळ्यात म्हातारा मीच. टेबलाच्या टोकाला मीच बसतो, ब्रेड मीच कापतो, आणि नियम काय आहे ते पोरं मला विचारतात. गेल्या मोसमात नॉर्बर्टचा जावई म्हणाला, "मिस्टर क्वेड, आता तुमचाच शब्द शेवटचा. करून टाका ना ती खाट स्वतःच्या नावावर."

मी म्हटलं, "मालकांना विचारल्याशिवाय कशी करणार?" आणि भांडी घासायला उठलो.